हरवलो तर कुठं भेटायचं

लातूरच्या आमच्या घरमालकीणबाईंबरोबर कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालं तरी आधी एक ठराव मंजूर व्हावा लागे. त्या दाराला कुलूप घालायच्या, ते दोनदा ओढून बघायच्या, किल्ली कमरेच्या बटव्यात सारायच्या आणि पायरीवर उभ्या राहून विचारायच्या, "हरवलो तर कुठं भेटायचं?"

"खाला, ते बघा दुकान. इथून दिसतंय."

"दिसतंय तवर दिसतंय. कुठं भेटायचं ते बोल."

बोलल्याशिवाय पायरी उतरत नसत. मग मी चिडून काहीतरी म्हणायची, गिरणीपाशी, नाहीतर मशिदीच्या कोपऱ्यावर, आणि ते त्या एकदा स्वतःशी पुटपुटून घ्यायच्या. सगळी गल्ली हसायची. मीही हसायची, पण जरा बेतानं. खोली त्यांची होती, आणि त्या काळात लातुरात नोकरी मिळेल पण खोली मिळणार नाही अशी गत होती.

जिल्हा नवा झाला होता. उस्मानाबादेहून कागदपत्रं भरलेले ट्रक येत होते, त्यांच्यामागून साहेब, कारकून, शिपाई आणि त्यांची बिऱ्हाडं. कुणाच्या माडीवर ऑफिस, कुणाच्या गुदामात ऑफिस, असा सगळा मामला. सगळं आलं, पाणी तेवढं आलं नाही. पाऊस लागोपाठ दगा देत होता. नळ कधी येईल हे नळालाही ठाऊक नसायचं. मी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नवीनच लागले होते, शिरूर अनंतपाळकडच्या खेड्यातून आलेली. खोली बघायला गेलं की घरमालक आधी नाव विचारी, मग आडनाव, मग वडील काय करतात ते, आणि मग म्हणे, अहो, खोली कालच गेली. आम्ही बौद्ध. ती 'काल गेलेली' खोली पुढं महिनाभर रिकामी पडलेली मी येता-जाता बघायची. अंगाचा तिळपापड व्हायचा, पण सांगणार कुणाला.

खालांनी नाव विचारलंच नाही. ओट्यावर बसून त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाणी किती लागतं तुला?"

"एक बादली."

"आंघोळीला?"

"सगळ्याला."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "ये."

मूलबाळ नव्हतं. नवरा वारलेला. जहाजानं हजला जाऊन आलेली आमच्या गल्लीतली ती एकटीच बाई, म्हणून सगळे त्यांना हज्जनबी म्हणायचे. मी खाला म्हणायची, म्हणजे मावशी. उंच, काटकुळी अंगकाठी, डोक्यावरून पांढरी ओढणी, आणि चेहऱ्यावर कायम असे भाव की दूध उतू चाललंय आणि चूल दुसऱ्या घरात आहे. त्या भित्र्या होत्या. मी सभ्यपणानं दुसरा शब्द शोधत नाही, भित्र्याच. अंधाराची भीती नाही, चोराची नाही, सापाची तर नाहीच. भीती एकच: आपलं माणूस हरवण्याची.

आणि गंमत अशी की अख्ख्या गल्लीला परदेशी जायची शिकवण द्यायच्या त्या याच. त्यांचा परदेश फार लांब नव्हता. कुणी उदगीरला निघालं तरी त्याला ओट्यावर बसवून घ्यायच्या. एकदा वरच्या खोलीतला कारकून म्हणाला, "हज्जनबी, उदगीर आपल्याच जिल्ह्यात हाय की."

"जिल्ह्याचं मला नको सांगू," खाला म्हणाल्या. "मी जल्मले तवा निजामाचा मुलूख व्हता. मग हैद्राबाद झालं, मग मुंबई, मग महाराष्ट्र. काल उस्मानाबाद व्हतं, आज लातूर. मी ह्या ओट्यावरून उठले बी न्हाई आन सहा मुलूख फिरले. परदेश काय, आपण न्हाई गेलो तर तो येतो."

कारकुनानं मुकाट्यानं त्यांच्याकडून लिंबू घेतलं. एसटी लागत असेल तर लिंबू नाकाशी धरायचं नाही, दाताखाली धरायचं, हा त्यांचा जहाजावरचा धडा होता. जहाजात त्या तळाच्या, सगळ्यांत स्वस्त जागेत होत्या. तिथं खिडकीसाठी लोकांची मारामारी, पण खालांनी जिन्याजवळची जागा धरली. खिडकीतून नुसता समुंदर दिसतो, जिन्यानं वर जाता येतं, असं त्यांचं म्हणणं. जी पेटी स्वतः उचलून जिना चढता येत नाही ती आपली नव्हे, हमालाची. जेवायचं तर जिथं गाडीवाले जेवतात तिथं, स्वस्तही पडतं आणि ताजंही असतं. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यायची, पण पहिल्या दिवशी काढायची नाही. "पहिल्याच दिशी आपली चटणी काढली की जीभ रुसून बसती, मंग तिला तिथलं काईच गोड लागत न्हाई." पैसा तीन जागी ठेवायचा, त्यातली एक जागा अशी की आपल्यालाही सहजी सापडू नये. त्यांनी हजला जाताना कुठल्याशा घडीत शिवलेली नोट अजून सापडली नव्हती, याचं त्यांना दुःख नव्हतं, उलट जागा पक्की निवडल्याचा अभिमान होता. वाट तिघांना विचारायची आणि दोघांचं जुळलं की चालू लागायचं.

आणि सगळ्यांत मोठा नियम. परमुलखात 'मी हरवले' असं कुणाला म्हणायचं नाही.

"मग काय म्हणायचं?"

"माझी माणसं हरवली, म्हणायचं. हरवलेल्या बाईला लोक लुटतात. जिची माणसं हरवली तिला मदत करतात."

मी हे ऐकून पोट धरून हसले होते. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी मला हजमधली, मक्केजवळच्या मिनाची गोष्ट सांगितली. ती त्या कुणाला फारशी सांगत नसत.

मिनाच्या मैदानात तंबूच तंबू, सगळे एकाच कापडाचे. नवरा म्हणाला, तू बस, मी रोटी बघून येतो. गेला तो आलाच नाही. "दिवस गेला, रात गेली. माझी बोली तिकडं कुणाला कळंना, त्यांची अरबी मला कळंना. सगळे तंबू सारखे. उठून शोधावं तर माझा तंबू हरवतो, न्हाई उठावं तर माणूस हरवतो. छाती अशी धडधडून राहिली की शेजारची बाई माझ्याकडं बघाया लागली. दुसऱ्या दिशी म्हणलं, मरायचंच तर तहानेनं कशाला मरा. लोटा घेतला आन नळावर गेले. ही मोठी लाईन. लाईनीत पुढं बघते तर हे उभे."

"मग?"

"मग काय. रडणार व्हते, पर त्यांचा नंबर जवळ आलता. आधी पाणी भरलं." आणि वर म्हणाल्या, "तवापासून सांगते, माणूस कुठं बी हरवू दे, पाण्यावर येतोच."

आमच्या लातुरात तरी हे शंभर टक्के खरं होतं, सगळा गाव दिवसातून एकदा पाण्यावर सापडायचाच.

आमची नेहमीची जागा मात्र ठरलेली होती. गोलाईच्या बाजारात गेलं की घोड्याचा हौद. गोलाई म्हणजे लातूरचा गोल बाजार. मध्ये देऊळ, चहूबाजूंना रस्ते फुटलेले. नवखा माणूस एका रस्त्यानं शिरतो आणि भलत्याच रस्त्यानं बाहेर पडतो. मी म्हणायची, देवळापाशी भेटू. खाला म्हणायच्या, "नक्को. जिथं सगळे भेटतात तिथं कुणीच सापडत न्हाई." त्यांनी टांग्यांच्या अड्ड्यावरचा दगडी हौद नक्की केला होता. दुष्काळानं तो कोरडा ठणठणीत, घोडी त्याच्यात तोंड घालून नुसती फुरफुरायची. पण दगड जागेवर होता, आणि खालांना तेवढं पुरे होतं.

आखातातल्या एका दवाखान्यात नर्सची जागा मिळाली तेव्हा पहिली भीती मला वाटली नाही, खालांना वाटली. मला वाटली ती त्यांच्याकडं बघून. वडील शाळेत शिपाई होते ते घरी बसलेले, पाठीवर दोन भावंडं, जाणं भाग होतं. माय गावाकडून आली आणि पदरानं डोळे पुसत बसली. खाला रडल्या नाहीत. त्यांनी माझी ट्रंक भरून घेतली, माझ्या खोलीला कुलूप घातलं आणि मला ट्रंकेसकट ओट्यावर आणून बसवलं.

"आता तू परदेशात."

"खाला, ड्युटीला जायचंय मला."

"परदेशातनं जा."

आठवडाभर हे चाललं. जे लागेल ते ट्रंकेतून काढायचं. ट्रंकेत नसलेलं काही आठवलं की ते लगेच आत जायचं, आणि आठवड्यात ज्याला हात लागला नाही ते बाहेर. आरसा बाहेर गेला, सुईदोरा आत आला. तीन चांगल्या साड्या बाहेर गेल्या, तेव्हा मी भांडले. खाला ऐकेनात. मीठ मागायला गेले तर त्यांनी कान झाकले, "मराठी नक्को, समजत न्हाई." मी दोन्ही हातांनी मीठ चोळायची खूण करत त्यांच्या दारात उभी, आणि समोरच्या घरातल्या बायका खिडकीत. त्यांनी मला आधी साखर दिली, मग चुना दिला, आणि शेवटी मीठ दिलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तरी एक सांगते, पुढं विमानात बसले तेव्हा माझी ट्रंक बरोबरच्या सगळ्या नर्स पोरींत हलकी होती आणि तिच्यात एकही गोष्ट फुकट नव्हती.

एसटी सुटताना खिडकीपाशी आल्या. मला ठाऊक होतं काय विचारणार.

"खाला, मी दुसऱ्या देशात चाललेय."

"म्हणूनच विचारून राहिले."

"हौदापाशी," मी म्हणाले.

"हौदापाशी," त्या पुटपुटल्या आणि गाडी हलेपर्यंत खिडकीची दांडी सोडली नाही.

तिकडं उतरले, बाकीच्या पोरी आपापल्या दवाखान्यांच्या गाड्यांतून गेल्या, आणि माझ्या दवाखान्याचा माणूस आलेला नाही. बाहेर सगळी अनोळखी माणसं, पाट्या वाचता येईनात. एक शिपाई जवळ येऊन काहीतरी विचारू लागला. तोंडात 'मी हरवले' आलंच होतं. ते गिळलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हटलं, माझी माणसं हरवलीत. काय सांगू, चक्रं फिरली. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, भोंग्यावरून पुकारा केला, आणि थोड्या वेळात आमचा ड्रायव्हर चहाचा पेला हातात घेऊन धावत आला. हरवला तो होता असं ठरलं आणि बोलणीही त्यानंच खाल्ली. त्याच दिवशी हॉस्टेलवर नळाला धो धो पाणी बघून मी बादली, तांब्या, डबा, कचऱ्याचं टोपलंसुद्धा भरून ठेवलं. खोलीतली मल्याळी पोरगी विचारत होती, कशाला? आता तिला लातूर कुठून समजावू.

पहिल्या सुट्टीवर आले ते ऐन वैशाखात. पाऊस पुन्हा गेल्या साली हुकलेला. खालांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस धुरकट दिसायचा, आवाजावरून ओळखायच्या. घराबाहेर पडणं जवळजवळ बंद. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायच्या, "दवाखान्यात हरवले तर?" मी म्हटलं, मी आहे ना बरोबर. मोठ्या मिनतवारीनं तयार झाल्या. सकाळी डॉक्टरकडं जायचं, येताना गोलाईतून बांगड्या घ्यायच्या, असं ठरलं.

कुलूप दोनदा ओढलं. पायरीवर थांबल्या. "हरवलो तर?"

"हौदापाशी."

चेहरा असा खुलला की मला वाटलं, बाई ऑपरेशनलाही आता हसत जाईल.

डॉक्टरांचं नीट झालं. गोलाईत लग्नसराईची ही गर्दी. एक वरात बँड वाजवत मधूनच घुसली. मी बांगडीवाल्याला पैसे द्यायला हात सोडला, वळून बघते तर खाला नाहीत. आधी घाबरले नाही. आमचा ठराव होता. सरळ अड्ड्याकडं निघाले.

अड्डा नव्हता. टांगे नव्हते, घोडी नव्हती. रस्ता दुप्पट रुंद, ओळीनं रिक्षा उभ्या, आणि हौदाच्या जागी एक टेलिफोनचा बूथ. बूथवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "हौद? कवाच पाडला की ताई. रोड रुंद केला न्हवं का. आता जिल्हा हाय हे."

इतके दिवस खाला बाहेर पडत नव्हत्या, मी देशात नव्हते, आणि आम्ही दोघींनी सकाळी मोठ्या तोऱ्यात नसलेल्या जागेवर भेटायचं ठरवलं होतं. त्या इथं आल्या असणार. धुरकट डोळ्यांनी, हातानं चाचपत दगड शोधला असणार, आणि हाताला दगड लागला नसणार. जी गोष्ट त्यांना आयुष्यभर भिववत आली, ती आता त्यांच्यावर गुदरली होती, आणि तीही स्वतःच्याच गावात.

घरी पळाले. कुलूप. दवाखान्यात गेले, जुन्या मैत्रिणींनी वॉर्ड बघितले. नाहीत. चौकीत गेले. जमादारानं वय विचारलं, कपडे विचारले. मग म्हणाला, "बाई, म्हातारीला घराचा पत्ता सांगता येत न्हाई का?"

"येतो. पण ती सांगणार नाही."

"का?"

"हरवले असं ती कुणाला म्हणणार नाही."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी स्वतःच निघाले. ऊन डोक्यावर, गरम वारा सुटलेला. एखाद्या रिक्षाखाली आल्या असतील, चक्कर येऊन पडल्या असतील, कुणी बांगड्यांसाठी हात पिरगाळला असेल. मी दवाखान्यात नको ते बघितलेली बाई, माझं मन भलतीकडंच धावायचं. घशाला कोरड पडली म्हणून पाणपोईपाशी थांबले. रांजण पालथे घातलेले.

त्या पालथ्या रांजणाकडं बघताना मला मिनाचा नळ आठवला.

"टँकर कुठं थांबतो हो?" मी शेजारच्या पानवाल्याला विचारलं. त्यानं गुदामांच्या मागं बोट दाखवलं, आणि मी पळत सुटले.

गुदामाच्या मागं घागरी, कळशा, डबे यांची लांब ओळ. ज्यांच्याकडं भांडं नाही त्यांनी नंबराला दगड मांडलेले. एका बाईनं मला अडवलं. "ओ, लाईन हाय इथं." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तुमी नर्सबाई का? परदेशातनं आलेल्या?"

"हो. का?"

"आवं, कुठं गेलता तुमी? त्या म्हातारीची पोरगी हरवलीय म्हणून कवाधरनं सगळ्याला विचारून राहिली ती. दोन पोरं धाडली आमी गोलाईत तुमाला धुंडायला."

पोरगी. मला समोरचं नीट दिसेना.

खाला गुदामाच्या भिंतीच्या सावलीत कुणाच्या तरी पालथ्या डब्यावर बसल्या होत्या. पाय अनवाणी. त्यांच्या रबरी चपला ओळीत होत्या, एक एका घागरीच्या मागं आणि तिच्या मागं दुसरी, मध्ये अंतर ठेवून.

"खाला."

आवाजाकडं तोंड वळलं. हात पुढं आला, माझं तोंड, कान, खांदा चाचपून बघितला. "कुठं हरवली व्हतीस?" आवाज रागाचा होता, पण तो पुढं फुटला.

"हौद नाही तिथं," मी म्हणाले.

"ठावं हाय. म्हणून तर इथं आले. ही माझी चप्पल, ती तुझी. नंबर धरून ठिवला हाय तुझा." मग लाईनीकडं तोंड करून म्हणाल्या, "सापडली. माझी पोरगी सापडली."

बायका हसल्या. मी खाली बसून त्यांचे तळवे बघत होते. पोळले होते. घरी चला म्हटलं तर उठेनात. नंबर जवळ आला होता आणि आलेला नंबर सोडायचा हे त्यांच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं. चपला पुढं सरकवत सरकवत आम्ही टँकरपर्यंत गेलो. पाणीवाल्यानं पाईप हातात घेतला आणि विचारलं, "भांडं कुठाय?"

भांडं नव्हतं. खालांनी माझे दोन्ही हात धरले, एकाला एक जोडून ओंजळ केली आणि पाईपाच्या आवाजाकडं पुढं सारली.

"हिला आधी दे," त्या म्हणाल्या. "लई लांबून आली हाय ती."